पोर्टकर आप्पा

नांदेडला तरोडा नाक्यावर उतरून कुणालाही पोर्टकर आप्पांचं घर विचारलं, तर लोक पत्ता सांगत बसत नाहीत. "वर बघत जा," म्हणतात. वर बघत गेलं की एका गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकलेले आप्पा दिसतात. एक हात कमरेवर, एक कानावर. खरं तर दिसायच्या आधी ते ऐकू येतात. "हॅलो... हां, आता बोल... आता? ...आता ग? ...हॅलो!" बोलणं सहसा यापुढं जात नाही. पलीकडं त्यांची लेक असते, लातूरला दिलेली. दोघांनी एकमेकांना चार वेळा हॅलो म्हटलं की त्या घरात बोलणं झालं असं धरतात.

आडनाव त्यांचं दुसरंच आहे. ते आता फक्त लाइटबिलावर उरलंय. मोबाइलचा नंबर तोच ठेवायचा आणि कंपनी बदलायची, म्हणजे पोर्ट करायचं, हा आप्पांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. नव्या कंपनीत नव्वद दिवस भरले की ते तिला सोडतात. नव्वदच का, तर त्याच्या आत सोडता येत नाही, तसा नियम आहे. नियम नसता तर आप्पांनी आठवडी बाजारागणिक कंपनी बदलली असती.

यावरून माणूस चंचल असेल असं कुणी समजू नये. आप्पांनी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, विष्णुपुरीच्या कालव्यावर काढली आणि एकदाही बदली मागितली नाही. किराणा एकाच दुकानातून येतो. त्या दुकानाच्या उधारीच्या वहीत अजून आप्पांच्या वडिलांच्या नावाचं पान आहे. दाढी एकाच खुर्चीत. शिंपी वजिराबादेतला, त्याची नजर आता गेली आहे. दर वर्षी शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब निघते. आप्पा दोन्ही बाह्या दुमडून घालतात आणि पुढच्या वर्षी कापड पुन्हा त्याच्याकडंच टाकतात. मी एकदा म्हटलं, "आप्पा, दुसरा बघा की." तर म्हणाले, "कामून? तो विचारतो न मला. आप्पा, लई दिवस झाले आलाव न्हाई, म्हंतो."

असा हा माणूस मोबाइल कंपनीच्या बाबतीत मात्र कुणाचाच नाही.

कंपन्यांची नावं ते घेत नाहीत. त्यांच्या लेखी कंपन्या तीनच: सध्याची, मागची आणि पुढची. सध्याची वाईट असते. पुढची चांगली असणार असते. आणि मागची? "मागचीला काय रेंज होती राव! न्हाणीत बसून बोलायचो." आता खासगी कंपन्या खरोखर तीनच उरल्या आहेत, त्यामुळं मागची, सध्याची आणि पुढची या फिरत फिरत पुन्हा पुन्हा त्याच येतात. न्हाणीतल्या रेंजबद्दल आज जिचं कौतुक चाललंय, तीच सध्याची होती तेव्हा आप्पांनी गच्चीवरून तिच्या टॉवरच्या दिशेनं काय काय शब्द सोडले होते, ते गल्लीला पाठ आहेत. पण हे त्यांना सांगून उपयोग नाही. संसार मोडलेल्या माणसाला पहिल्या बायकोच्या हातची भाकरी आठवायला लागली की आपण गप्प बसतो, तसं आम्ही बसतो.

आप्पांच्या कपाटात सुपारीची एक जुनी डबी आहे. तीत सगळी जुनी सिमकार्डं. कापून लहान केलेली, न कापलेली, पिवळी पडलेली. काहींवर बॉलपेननं तारखा. नंबर दुसऱ्या कंपनीकडं गेला की जुनं सिम मरतं, ते कचऱ्यातच टाकायचं असतं, पण आप्पा ठेवतात. डबी उघडून ते मोबाइलचा इतिहास सांगतात आणि त्यात चुकत नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. 2003 च्या मेपर्यंत आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. 2012 च्या 2 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं 122 परवाने रद्द केले. एअरसेल, युनिनॉर, टाटा डोकोमो, रिलायन्स कम्युनिकेशन्स ही नावं आता फक्त अशा डब्यांतच सापडतात. 2016 च्या 5 सप्टेंबरला जिओ आलं, तेही फुकट, आणि गल्लीतली पोरं रात्रभर सिनेमे उतरवत बसली. आणि या सगळ्याच्या मधोमध आप्पांचा सोन्याचा दिवस: 20 जानेवारी 2011. त्या दिवशी नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर सुरू झाली. त्याआधी 25 नोव्हेंबर 2010 पासून ती एकट्या हरियाणात होती, हे सांगताना आप्पांच्या आवाजात हरियाणाबद्दल थोडी असूया असते. दोन महिने आधी सुटले म्हणून.

असूया समजण्यासारखी आहे. तोवर कंपनी कितीही छळो, नंबर तिच्या दावणीला बांधलेला. लग्नपत्रिकेवर तोच, बँकेत तोच, दुकानाच्या पाटीवर तोच. आप्पांच्या चुलतभावानं लोह्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं 'आई-बाबांचा आशीर्वाद'च्या खाली मोबाइल नंबर रंगवून घेतला होता. कंपनीला कंटाळला होता, पण रंगाऱ्याचा खर्च कोण करणार, म्हणून तो तिथंच राहिला.

पोर्ट करण्याची रीत आप्पा कुणालाही, विचारलं नसलं तरी, शिकवतात. इंग्रजीत पोर्ट लिहायचं, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि 1900 वर पाठवायचा. आठ अक्षरी-आकडी कोड येतो. "पहिल्या दोन अक्षरांत कंपनी अन् सर्कल कळतं," हे ते बोट वर करून सांगतात. कोड पूर्वी पंधरा दिवस टिकायचा, 2019 च्या डिसेंबरपासून चारच दिवस टिकतो. तेव्हा कोड आला की झोपायचं नाही, छत्री गाठायची.

छत्री म्हणजे रस्त्याच्या कडेला कंपनीच्या रंगाची मोठी छत्री लावून, प्लास्टिकच्या स्टुलावर सिमकार्ड विकत बसलेला पोरगा. मी आप्पांसोबत एकदा गेलो होतो. दिवस 17 सप्टेंबरचा. सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून आप्पा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, खिशाला तिरंगा लावून, थेट छत्रीखाली आले. "आज निजामापासून सुटलो, आज हिच्यापासून सुटायचं," म्हणाले. छत्रीखालचा पोरगा मुखेडकडचा होता. त्याला निजामाशी देणंघेणं नव्हतं. त्याचं दिवसाचं टारगेट व्हायचं होतं.

"आप्पा, आधार द्या. हां. आता मोबाइलकडं बघा. डोळे मिचकवा."

"काय करू?"

"डोळे मिचकवा. मानूस जिता हाय का बघतंय ते ॲप."

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. समोर रसवंती, बाजूला केळीचा गाडा, गाड्यावर चार बायका. पासष्टीच्या माणसानं भर रस्त्यात, पोराच्या मोबाइलकडं बघून डोळे मिचकवायचे. त्यांनी घाईनं मिचकवले. ॲपनं नाकारलं. ऊन डोळ्यावर येतं म्हणून पोरानं त्यांना छत्रीच्या दुसऱ्या बाजूला फिरवलं. आता ते बरोबर केळीच्या गाड्याकडं तोंड करून उभे. पुन्हा मिचकवले. एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. "हळू, आप्पा, हळू. उघडा, झाका, उघडा." आप्पा घामाघूम. शेवटी एकदा हिरवी खूण आली. पोरानं विचारलं, "दुसरा एखादा नंबर सांगा, त्यावर ओटीपी येईल." आप्पांनी नेहमीप्रमाणं काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, सांगितला. काकूंकडं बटनांचा साधा फोन आहे. घरून काकूंनी ओटीपी पहिल्याच झटक्यात वाचून दाखवला, एकेक आकडा सुटा करून. पोरगा म्हणाला, "काकूचा आवाज लई क्लियर येतो." आप्पांनी ते ऐकलं नाही. ते सिमकार्डाच्या पाकिटावरचं छापील वाचत होते.

त्यानंतर तीन दिवस वाट बघायची. मग एका रात्री जुनं सिम निपचित पडतं आणि काही तास फोन कुणाचाच नसतो. त्या काळात आप्पा एकदम हलके वाटतात. सकाळी काकूंच्या बांगडीतली पिन काढून फोनच्या कडेचं भोक टोचायचं, सिमचा खण बाहेर काढायचा, नवं सिम बसवायचं, आणि गच्चीवर धाव. पहिला फोन लातूरला.

सगळ्या भानगडीचं मूळ लातूर आहे. नांदेडला घरातल्या मागच्या खोलीत जिची रेंज येते, तिची लातूरला लेकीच्या स्वयंपाकघरात येत नाही. लातूरला जिची येते, ती नांदेडला जिन्याच्या चौथ्या पायरीवर संपते. आप्पांनी याचा तक्ता केलाय, कालव्याच्या पाणीपाळीचा करतात तसा, रकाने आखून. लेक मात्र म्हणते, "आप्पा, मला काही अडचण नाही, तुम्ही सारखं बदलता त्याचीच अडचण आहे." तिच्या सासऱ्यांचं म्हणजे आप्पांच्या व्याह्यांचं मार्केट यार्डात अडत दुकान आहे, तूर-सोयाबीनचं. गृहस्थ शांत. 2006 साली पहिला मोबाइल घेतला आणि त्याच सिमला धरून बसले. घेतलं तेव्हा ते हच होतं. 2007 च्या सप्टेंबरात त्याचं व्होडाफोन झालं. 2018 त ते आणि आयडिया एक झाले. 2020 च्या सप्टेंबरात त्याचं व्हीआय झालं. धोंड्याच्या जेवणाला एकत्र बसले असताना व्याही म्हणाले होते, "पाव्हणं, तुम्ही कंपनी सोडूलालाव न् मी जागचा हाललो बी न्हाई. तरी नावं माझ्याच कंपनीची बदलली की!" त्या पंगतीत आप्पांनी पुरणाच्या धोंड्याला दुसऱ्यांदा हात लावला नाही.

लातूरला गेले की आप्पा गंजगोलाईत जातात. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. आप्पा एकेका रस्त्याच्या तोंडाशी उभं राहून फोन वर धरतात. मध्ये जगदंबेचं देऊळ आहे, त्यामुळं बाहेरगावच्या माणसाला ते प्रदक्षिणा घालताहेत असंच वाटतं. एका म्हाताऱ्या बाईनं तर त्यांच्या मागं मागं चालून एक फेरा पुरा केला होता.

नांदेड-लातूर हा एसटीचा रस्ता आप्पांना दगड-न्-दगड नाही, पण दांडी-न्-दांडी पाठ आहे. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. कुठं दोन दांड्या, कुठं एक, कुठं 'फक्त आपत्कालीन कॉल'. शेजारच्या सीटवरचा माणूस फोनवर बोलत असला तर आप्पा हळूच सांगतात, "आटपा, पुढच्या वळणावर जानार." आणि जातं. पण माळेगावच्या यात्रेनं त्यांचाही अंदाज एकदा चुकवला. खंडोबाची ती यात्रा लोहा तालुक्यातली, घोड्या-गाढवांच्या बाजारासाठी गाजलेली. त्या गर्दीत सगळ्या दांड्या भरलेल्या आणि फोन एकही लागेना. एका टॉवरवर एका वेळी बोलणारे किती मावतात याला हद्द असते. रेंज असते, पण जागा नसते. आप्पांना हे माहीत होतं. तरी ते सध्याचीला दोष देत, मागचीचं आणि पुढचीचं सिम असलेल्या अनोळखी माणसांचे फोन मागून घेऊन बघत फिरले. तिघींचंही सारखंच. त्या दिवशी ते फार उदास होते. तिन्ही कंपन्या एकदम वाईट निघाल्यावर माणसानं जायचं कुठं? काकू यात्रेत चुकल्या होत्या, त्या आपल्या त्या बटनांच्या फोनवर गाढवांच्या बाजाराजवळ सापडल्या. फोन त्यांनीच केला होता, यात्रेतल्या एका दुकानदाराच्या फोनवर. आप्पांचा लागत नव्हता.

हसण्यावारी न्यायची नाही अशीही एक बाजू आहे, ती सांगून टाकतो. लोह्याकडं आप्पांची थोडी कोरडवाहू जमीन आहे. 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी आली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून करायची. 2025 च्या खरिपाआधीपर्यंत पीक बुडालं तर विमा कंपनीला 72 तासांत कळवावं लागायचं, तेही ॲपवर किंवा फोनवर. म्हणजे सोयाबीन पाण्यात, पाय चिखलात आणि हात आभाळाकडं. अतिवृष्टीच्या दिवसांत मराठवाड्यातल्या कितीतरी बांधांवर माणसं अशी हात वर करून उभी असतात. त्यांना रेंज हवी असते ती सिनेमा बघायला नव्हे. आप्पांच्या या नादाला मी हसतो, पण त्या बांधावर त्यांच्या शेजारी उभा राहिलेलो असल्यामुळं पोट धरून हसत नाही.

पैशाचं म्हणाल तर आप्पा चिकट नाहीत. हिशेबी आहेत. मोबाइलवाल्यांचा महिना 28 दिवसांचा असतो, हे आधी त्यांच्या लक्षात आलं आणि मग त्यांनी ते सगळ्या गल्लीच्या लक्षात आणून दिलं. 28 गुणिले 13 बरोबर 364. म्हणजे वर्षाचे महिने तेरा. "आपल्या पंचांगात अधिक मास तीन वर्षांनी येतो. यांच्यात दर साली धोंडा! अन् जावई कोन? कंपनी! आपन दर साली वाण द्यायचं!" हे भाषण त्यांनी रिचार्जच्या दुकानात इतक्या वेळा केलंय की दुकानदार आता त्यांच्यासाठी 30 दिवसांचा प्लॅन न सांगता मारतो. असे प्लॅन असतात. 2022 च्या जानेवारीत दूरसंचार नियामक ट्रायनं प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवायला लावलं. पण तो मागावा लागतो. आपणहून दाखवला जातो तो अठ्ठावीसचाच.

कस्टमर केअरशी आप्पांचं बोलणं ऐकायला आम्ही मुद्दाम गच्चीवर जातो. आधी मराठीसाठी दोन दाबायचे, मग गाणं, मग पुन्हा काहीतरी दाबायचं. मग एक गोड आवाज.

"नमस्कार, मी आपली काय सहायता करू शकते?"

"ताई, घरात रेंज न्हाई."

"आपल्याला झालेल्या असुविधेसाठी आम्ही दिलगीर आहोत. सर, आपण आत्ता घरात आहात का?"

"घरात असतो तर तुमच्याशी बोललो असतो का? गच्चीवर हाव."

"म्हणजे गच्चीवर नेटवर्क आहे, सर?"

"हाव, गच्चीवर हाय."

"धन्यवाद, सर. म्हणजे आपल्या भागात नेटवर्क उपलब्ध आहे."

"ताई, मी गच्चीवर राहत न्हाई. आम्ही कालव्याच्या टेलला हावोत. टेलला पानी पोचना अन् तुम्ही हेडला मोजूलाव."

"सर, आपण एकदा मोबाइल बंद करून चालू करता का?"

आप्पांनी आज्ञेप्रमाणं बंद केला. चालू केला. ताई अर्थातच गेल्या होत्या. मेसेज मात्र आला: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये गुण द्या.

यावर दुसरा कुणी चिडला असता. आप्पा फक्त मान हलवून म्हणाले, "अर्ज निकाली काढला. प्रश्न सुटला असं न्हाई, अर्ज निकाली काढला. हे मला सांगू नका, मी सगळी नोकरी हेच केलं." आणि लगेच वही उघडून त्यांनी तक्रारीचा नंबर दुधाच्या हिशेबाखाली उतरवून घेतला. तक्रार अशी निकाली निघाली की त्याच कंपनीतल्या अपील अधिकाऱ्याकडं तीस दिवसांत जाता येतं आणि त्यानं 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ही वाट बहुतेकांना ठाऊक नसते. आप्पांना ठाऊक आहे, आणि ते जातातही. पण अपिलाचं उत्तर येईपर्यंत त्यांचे नव्वद दिवस भरत आलेले असतात, आणि निकाल मागचीच्या नावानं लागतो.

इतकं सगळं रेंजसाठी चाललंय असं मीही बरेच दिवस धरून होतो. मग एकदा ते पोर्टचा मेसेज टाकताना शेजारी होतो. मेसेज टाकला आणि आप्पांनी फोन चक्क दोन्ही हातांत धरून, खुर्ची ओढून, वाट बघायला सुरुवात केली. कोड तर लगेच आला होता. मग वाट कशाची? अर्ध्या तासानं फोन वाजला. आप्पांनी स्पीकर लावला.

"नमस्कार सर, आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात. आपण आम्हाला सोडून का जात आहात, हे विचारण्यासाठी फोन केला होता."

आप्पांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता. ते बोलायला लागले. मागच्या खोलीपासून माळेगावपर्यंत, न्हाणीपासून बांधापर्यंत, सगळं. पलीकडची मुलगी हो सर, खरं आहे सर, म्हणत राहिली. मध्येच कट झालं तर तिनंच पुन्हा लावला! तिनं रोजचा अर्धा जीबी डेटा वाढवून देऊ केला, स्वस्तातला प्लॅन देऊ केला, जो कुठल्याच दुकानात टांगलेला नव्हता. नव्वद दिवसांत त्या कंपनीनं आप्पांना एक अक्षर विचारलं नव्हतं. जातो म्हटल्यावर विचारलं. आप्पांनी कोडाचे चार दिवस तसेच जाऊ दिले आणि राहिले. मला म्हणाले, "पोरगी चांगली होती. अहमदपूरची मावशी हाय तिची."

मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्या पोर्टपैकी बरेचसे असे अर्ध्यात मोडलेले असतात. गल्ली मोजते त्याच्या निम्मेच खरे. नुसत्या आपल्या देशात महिन्याला कोटीहून जास्त लोक पोर्टचा अर्ज करतात. एकूण आकडा शंभर कोटींच्या पुढं गेलाय. त्यात रेंजसाठी जाणारे किती, पैशासाठी किती आणि 'कामून चाललाव?' एवढं कुणीतरी विचारावं म्हणून जाणारे किती, याची मोजदाद ट्राय करत नाही. करायला हवी. 2024 च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले आणि देशभरातून लाखो लोक बीएसएनएलकडं गेले, तेव्हा सगळा देशच पोर्टकर झाला म्हणून आम्ही आप्पांना हार घालायला गेलो. तर ते त्या महिन्यात जागचे हलले नव्हते. म्हणाले, "एवढ्या गर्दीत आपल्याला कोन विचारतंय?"

मागच्या खेपेला मात्र भलतंच झालं. आप्पांनी मेसेज टाकला, खुर्ची ओढली, स्पीकर लावून ठेवला. कोड आला. फोन नाही. संध्याकाळ झाली, काकूंनी जेवायला हाक मारली, फोन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मेसेज आला, तोही यंत्रानं पाठवलेला: आपल्या पुढील प्रवासास शुभेच्छा. आप्पांनी तो मला दाखवला. "इचारलं सुदिक न्हाई," म्हणाले. "दोन साल रिचार्ज मारला मी हिचा, पाळी-पाळीनं धरून." कोडाचे चार दिवस होते. तिसऱ्या दिवसापर्यंत ते घरात बसून राहिले. चौथ्या दिवशी छत्रीखाली जाऊन त्यांनी डोळे मिचकवले, पहिल्याच वेळी हिरवी खूण आली, आणि ते काही न बोलता घरी आले.

सध्या ते पुढचीत आहेत, म्हणजे ती आता सध्याची झाली. रेंज मागच्या खोलीत येते. तक्रार करायला जागा नाही म्हणून थोडे सैरभैर आहेत. परवा शिंप्याकडं बराच वेळ बसून होते म्हणे.

आप्पांशी कुणाला बोलायचं असेल तर नंबर तोच आहे, तो कधी बदललेला नाही. सकाळी साडेसहा ते सात या वेळात करावा, तेव्हा ते गच्चीवर असतात. एरवी काकूंच्या फोनवर करा. तो कुठल्या कंपनीचा आहे हे आप्पांनी अजून विचारलेलं नाही, पण तो लागतो.